डॉलरच्या आधी ड्रॉइंग येतं: छोटी कंपनी निर्यातीतून मोठी होते म्हणजे नेमकं काय होतं

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत (लोखंड वितळवून पार्ट ओतणारा कारखाना) एक्स्पोर्टचं काम बघतो, म्हणजे कोटेशन पाठवण्यापासून बँकेत पैसे जमा होईपर्यंतचा प्रत्येक कागद माझ्या टेबलावरून जातो. त्यामुळे आसपासच्या युनिटमधली मुलं, बहुतेक वडिलांचं वर्कशॉप सांभाळायला आलेली, दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी येऊन विचारतं की दादा, आम्हाला पण एक्स्पोर्ट करायचंय, काय काय लागतं. त्यांना लायसन्सची यादी हवी असते. ती सांगायला पाच मिनिटं पुरतात आणि मी ती लगेच सांगूनही टाकतो, पण मग त्यांना बसवून घेतो, कारण खरा विषय त्या यादीच्या नंतर सुरू होतो. तेच इथे सविस्तर लिहितोय.

आधी यादीच उरकतो. डीजीएफटीच्या (केंद्र सरकारचं परदेशी व्यापाराचं खातं) साइटवर आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड, काढायचा, ५०० रुपये फी, तुमचा पॅन नंबर हाच आयईसी नंबर असतो, दरवर्षी एप्रिल ते जूनमधे तो साइटवर जाऊन अपडेट करायचा नाहीतर बंद पडतो. ज्या बँकेत परकीय चलन घेणार त्या बँकेचा एडी कोड (परकीय चलनाच्या व्यवहारासाठी त्या शाखेचा नंबर) कस्टमच्या आइसगेट पोर्टलवर नोंदवायचा. इंजिनिअरिंग मालवाल्यांनी ईईपीसी ह्या निर्यात परिषदेचं सदस्यत्व घ्यायचं, शेतमालवाल्यांनी अपेडाचं. जीएसटीत निर्यात शून्य दराची आहे, तर एलयूटी हे हमीपत्र भरून टॅक्स न लावता माल पाठवायचा किंवा आयजीएसटी भरून नंतर रिफंड मागायचा, छोट्याने एलयूटीच घ्यावं कारण रिफंड येईपर्यंत अडकायला त्याच्याकडे पैसा नसतो. ड्यूटी ड्रॉबॅक आणि रोडटेप ह्या मालात लागलेल्या करांच्या परताव्याच्या स्कीम आहेत, त्यातून थोडे टक्के मिळतात, मिळतात ते घ्यायचेच, पण त्या टक्क्यांवर धंदा उभा करायचा नाही. झाली यादी.

आता प्रश्न असा की हे सगळं करून कंपनी वाढते ती कशामुळे. बहुतेकांचं उत्तर असतं की डॉलर मिळतो, भाव जास्त मिळतो. भाव थोडाफार जास्त मिळतो हे खरं आहे, पण ट्रकभाडं, पोर्टचा खर्च, पॅकिंग, बँकेचे चार्जेस आणि उशिरा येणाऱ्या पैशावरचं व्याज काढलं की पहिल्या वर्षी हातात काही फार राहत नाही. तरीही सात-आठ वर्षांनी निर्यात करणारं युनिट आणि न करणारं युनिट शेजारीशेजारी बघितलं की फरक नजरेत भरतो. का?

ह्यावर अर्थशास्त्रवाल्यांचा बरीच वर्षं वाद होता. अँड्र्यू बर्नार्ड आणि ब्रॅडफर्ड जेन्सन ह्या दोघांनी अमेरिकेतल्या कारखान्यांचे आकडे तपासून १९९९ साली दाखवलं की निर्यात करणारे कारखाने मोठे, चांगले, जास्त पगार देणारे असतात हे बरोबर आहे, पण ते निर्यात सुरू करायच्या आधीपासूनच तसे होते. म्हणजे निर्यातीने त्यांना चांगलं केलं असं नाही, चांगले होते म्हणून निर्यात जमली. हे आपल्यालाही पटण्यासारखं आहे, ज्याचं घरचं गणित नीट तोच परदेशी माल पाठवायचं धाडस करणार ना. मग निर्यातीने स्वतःहून काही शिकायला मिळतं की नाही हे ओळखायचं कसं? त्यासाठी एकसारखी छोटी युनिटं घेऊन त्यातल्या निम्म्यांना चिठ्ठ्या टाकून निर्यातीची ऑर्डर द्यायला लागेल आणि बाकीच्यांना द्यायची नाही, आणि असं कोण करणार.

तर हे खरंच केलं गेलं. इजिप्तमधे नाईलच्या त्रिभुज प्रदेशात फुवा नावाचं गाव आहे, तिथे हातमागावर गालिचे विणणारे भरपूर लोक आहेत, बहुतेक ठिकाणी मालक आणि कामगार एकच माणूस, फारतर एखादा मदतनीस, आपल्याकडच्या विणकरांसारखंच. डेव्हिड अॅटकिन, अमित खंडेलवाल आणि अॅडम ऑस्मन ह्या तीन संशोधकांनी तिथे एका संस्थेच्या आणि स्थानिक व्यापाऱ्याच्या मदतीने श्रीमंत देशांतल्या ग्राहकांच्या खऱ्या ऑर्डरी मिळवल्या आणि त्या ऑर्डरी कोणाला द्यायच्या हे चिठ्ठ्यांसारखं ठरवलं. हा अभ्यास २०१७ साली छापून आला. ज्यांना संधी मिळाली त्यांचा नफा इतरांपेक्षा १६ ते २६ टक्क्यांनी वाढलेला निघाला. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: ह्या लोकांना एक चौरस मीटर विणायला आधीपेक्षा जास्त वेळ लागायला लागला. नुसता वेग मोजणारा म्हणेल की हे तर मंदावले, पण गालिचा आधीपेक्षा कितीतरी चांगला होत होता, कडा सरळ, वीण घट्ट, डिझाइन चोख. मग त्यांनी अजून एक गोष्ट केली, सगळ्यांना, संधी मिळालेल्यांना आणि न मिळालेल्यांना, एकाच मागावर एकसारखाच साधा गालिचा विणायला लावला. निर्यातवाल्यांनी तेवढ्याच वेळात सरस माल काढला. म्हणजे हात सुधारला होता, आणि ज्या ज्या बाबतीत व्यापारी आणि ग्राहक त्यांच्याशी बोलले होते नेमक्या त्याच बाबतीत जास्त सुधारला होता.

हे मी वाचलं तेव्हा मला आमच्याच फाउंड्रीतली एक गोष्ट आठवली.

आमच्याकडे पंपाच्या बॉडीची एक परदेशी ऑर्डर येऊ घातली होती. लोकल मार्केटमधे आम्ही तसल्या बॉड्या वर्षानुवर्षं देत होतो, मिस्त्री जुने, हात बसलेला. सॅम्पल पाठवलं, रिजेक्ट. दुसरं पाठवलं, रिजेक्ट. एका जाड-पातळ जोडावर आत बारीक ब्लोहोल, म्हणजे हवेची भोकं, निघत होते, जे मशीनिंग केल्याशिवाय दिसत नाहीत, आणि इथले गिऱ्हाईक अशी एखादी बॉडी निघाली तर परत करतात, बदलून घेतात, विषय संपतो. त्या कंपनीचा क्वालिटीचा माणूस स्वतः आला. आम्हाला वाटलं तो भट्टी बघेल, स्पेक्ट्रोचे (धातूच्या तपासणीचे) रिपोर्ट मागेल, पण तो आधी साच्याच्या वाळूकडे गेला आणि विचारलं की ह्या सॅम्पलच्या दिवशी वाळूत ओलावा किती टक्के होता. कोणाकडेच उत्तर नव्हतं. आमचे मोल्डर वाळू मुठीत दाबून बघतात आणि त्यांचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर असतो, पण ज्या दिवशी चुकतो तो दिवस कुठला हे नंतर शोधता येत नाही. त्या माणसाने ओरडाआरडा काही केला नाही, एक साधा तक्ता काढून दिला: तारीख, वेळ, ओलावा, वाळूची ताकद, त्या वेळी ओतलेला हीट नंबर (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचा नंबर). म्हणाला हे दोन महिने भरा, मग आपण बोलू.

दोन महिन्यांनी आम्हालाच कळलं की दुपारच्या पाळीत वाळू परत वापरताना ती पुरेशी थंड होत नव्हती आणि गडबड तिथे होती. ते दुरुस्त केलं आणि तिसरं सॅम्पल पास झालं. पण खरा फायदा काय झाला तर त्याच वाळूत आमचा लोकल माल पण बनतो, त्याचंही रिजेक्शन एकदम खाली आलं. त्या ऑर्डरचा नफा एका बाजूला आणि हा तक्ता एका बाजूला ठेवला तर मी तक्ता उचलेन. तो तक्ता आजही भरला जातो.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की निर्यातीत डॉलर नंतर येतात, आधी येतं ते ड्रॉइंग, ग्राहकाने पाठवलेला पार्टच्या मापांचा नकाशा. त्या ड्रॉइंगवर लिहिलेला प्रत्येक टॉलरन्स (मापात किती फरक चालेल तो आकडा) म्हणजे तुम्हाला फुकट मिळालेला मास्तर आहे, आणि कंपनी वाढते ती त्या मास्तरचं ऐकल्यामुळे.

वाढ म्हणजे प्रत्यक्षात काय बदलतं ते पण सांगतो, कारण हे आमच्या धंद्यात फार स्पष्ट दिसतं. कोल्हापुरात कास्टिंग (ओतलेला पार्ट) किलोवर विकतात. एका किलोला इतके रुपये, बास. किलोवर विकणाऱ्या माणसाला चांगला माल काढायचं बक्षीस मिळत नाही, उलट भिंत पातळ आणि नीट काढली तर वजन कमी भरतं आणि बिल कमी होतं. परदेशी ग्राहक नगावर भाव मागतो. त्याला किलोशी घेणं नसतं, त्याला तो पार्ट त्याच्या असेंब्लीत सरळ बसला पाहिजे असतो. मग पहिली पायरी कच्चं कास्टिंग, दुसरी पायरी मशीनिंग करून, तिसरी पायरी प्रेशर टेस्ट करून रंग लावून बॉक्समधे, आणि प्रत्येक पायरीला नगामागे सुटणारी रक्कम वाढत जाते. गंमत म्हणजे मालाचं सरकारी नावसुद्धा बदलतं. जगभर वस्तूंना एचएस कोड असतो, पहिले ६ आकडे सगळ्या देशांत सारखे, आपल्याकडे ८ आकडे. साधं कास्टिंग ७३२५ मधे बसतं, तेच मशीनिंग करून पंपाचा पार्ट म्हणून ओळखता आलं की ८४१३ मधे जातं, व्हॉल्व्हचं असेल तर ८४८१, गाडीचं असेल तर ८७०८. कोड बदलला की तिकडची ड्यूटी बदलते, इकडचा परतावा बदलतो, म्हणून कोड अंदाजाने टाकायचा नाही, कस्टम हाऊस एजंट म्हणेल तो पण डोळे झाकून घ्यायचा नाही, तिकडच्या ग्राहकाला विचारायचं की तुम्ही कुठल्या कोडखाली सोडवता.

आणि हे सगळं एकट्या युनिटला करावं लागत नाही, ही कोल्हापूरसारख्या ठिकाणाची ताकद आहे. पॅटर्नवाला (साच्यासाठीचा नमुना बनवणारा) उद्यमनगरात, मशीनिंगवाला गोकुळ शिरगावात, पावडर कोटिंग तिसरीकडे. एका युनिटने निर्यात सुरू केली की ते ह्या सगळ्यांकडून पण मोजमापाचे रिपोर्ट मागायला लागतं आणि शिस्त अशी गल्लीगल्लीत पसरते. कित्येक छोटी युनिटं तर नकळत निर्यातदारच आहेत, त्यांचा पार्ट मोठ्या कंपनीच्या इंजिनात बसून बाहेर जातो. ज्याला थेट जायची भीती वाटते त्याने मर्चंट एक्स्पोर्टरच्या, म्हणजे दुसऱ्यांचा माल घेऊन बाहेर विकणाऱ्याच्या, मार्फत सुरू करावं, त्याला माल विकताना ठरलेल्या अटी पाळल्या तर जीएसटी फक्त ०.१ टक्का लागतो आणि परदेशी कागदपत्रांचं डोकं तो लावतो. मात्र त्यात एक तोटा आहे, तो मास्तर तुमच्यापर्यंत पोहोचत नाही, ग्राहक काय म्हणाला हे मधला माणूस गाळून सांगतो. म्हणून मी म्हणतो सुरुवातीला एक-दोन वर्षं ठीक आहे, पण तक्रारीची मूळ ईमेल बघायला मागा.

सरकारी आकडेवारीत २०२३-२४ मधे देशाच्या निर्यातीत सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या मालाचा वाटा साधारण ४५ टक्के होता, त्यामुळे हे काही मोजक्यांचं काम आहे असं समजू नका. अजून एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते: उद्यम नोंदणीत तुम्ही सूक्ष्म, लघु की मध्यम हे ठरवताना जी उलाढाल धरतात त्यातून निर्यातीची रक्कम वगळली जाते. १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची उलाढालीची मर्यादा १०० कोटी आहे, तर निर्यात वाढली म्हणून लघुउद्योगाचे फायदे जातील ही भीती धरून बसायचं कारण नाही.

आता जिथे युनिटं मरतात त्या भागाकडे येतो, पैशाच्या फेऱ्याकडे. हे मी मुलांना कागदावर मांडून दाखवतो.

समजा दर महिन्याला १० लाखांचा माल पाठवायचा, त्यात तुमचा खर्च ८ लाख. आज पिग आयर्न, स्क्रॅप घेतलं, ते पैसे लगेच जातात. माल बनायला ३० दिवस. पॅकिंग, ट्रकने न्हावाशेवा, कस्टम, जहाजावर चढेपर्यंत १० दिवस. ग्राहकाने ९० दिवसांची उधारी मागितली आहे. इथे मी विचारतो, ९० दिवस कधीपासून? मुलं गप्प होतात. बिल ऑफ लेडिंगच्या (जहाज कंपनीची माल घेतल्याची पावती) तारखेपासून असतील तर एकूण झाले १३०. पण ग्राहकाच्या ऑर्डरवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की माल गोडाऊनला पोहोचल्यापासून, आणि मग मधला समुद्राचा महिना वाढतो, झाले १६०. शिवाय २०२३ च्या नोव्हेंबरपासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा युरोपला जाणारी बहुतेक जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, त्याने प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला, म्हणजे पावणेदोनशे दिवसांच्या आसपास. पहिल्या ऑर्डरचे पैसे येईपर्यंत पुढच्या पाच महिन्यांचा माल बाहेर गेलेला असतो किंवा शेडमधे असतो. महिन्याला ८ लाख खर्च धरला तर चाळीस-पंचेचाळीस लाख कायमचे रस्त्यावर. नफा महिन्याला २ लाख दिसतोय, अडकलेत चाळीस. आणि जितकी जास्त ऑर्डर तितकी जास्त अडकणूक, म्हणून ऑर्डर दुप्पट झाली म्हणून पेढे वाटणारा मालक सहा महिन्यांनी पगाराला पैसे नाहीत म्हणून धावत असतो, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी दोन ठिकाणी बघितलंय आणि फार वाईट वाटतं, कारण माल चांगला होता, माणसं चांगली होती.

देशात निदान लघुउद्योगाला ४५ दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे, पाळला जातो किती हा वेगळा विषय, पण परदेशी ग्राहकाला तो लागू नाही. मग करायचं काय? एक, उधारीचे दिवस बिल ऑफ लेडिंगपासून धरायला लावायचे, हे मागितलं तर बरेच ग्राहक देतात, फक्त आधी मागायला पाहिजे, पहिल्या शिपमेंटनंतर नाही. दोन, बँकेकडून ऑर्डर दाखवून पॅकिंग क्रेडिट घ्यायचं, ते माल बनवायला मिळतं, आणि माल गेल्यावर बिल डिस्काउंट करून, म्हणजे बिलावर बँकेकडून आधीच पैसे उचलून, ते फेडायचं. तीन, नवीन ग्राहकाकडून ३० टक्के अॅडव्हान्स मागायला लाजायचं नाही. पॅटर्न बनवायचा खर्च तर आधीच घ्यायचा, तो पॅटर्न ग्राहकाच्या मालकीचा असतो. चार, ईसीजीसीचा विमा काढायचा. ही १९५७ सालापासूनची सरकारी कंपनी आहे, परदेशी ग्राहक बुडाला किंवा त्याने पैसे दिले नाहीत तर नुकसानीचा बराचसा भाग भरून देते, आणि त्याहून मोठा उपयोग म्हणजे तुम्ही एखाद्या ग्राहकावर विम्याची मर्यादा मागितली आणि त्यांनी कमी दिली की समजायचं तिकडे काहीतरी पाणी मुरतंय.

एलसीबद्दल जरा सविस्तर बोलतो कारण ह्याच्यावर सगळ्यांचा आंधळा विश्वास असतो. लेटर ऑफ क्रेडिट म्हणजे ग्राहकाची बँक लिहून देते की ठरलेले कागद ठरलेल्या मुदतीत आले तर पैसे देऊ. ह्यातला महत्त्वाचा शब्द माल नाही, कागद आहे. एलसीचे जे जागतिक नियम आहेत, यूसीपी ६००, त्यात स्पष्ट लिहिलंय की बँका कागदांचा व्यवहार करतात, मालाचा नाही. माल उत्तम असेल आणि कागदात फरक असेल तर बँक पैसे थांबवू शकते. मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट, एलसीत मालाचं जे वर्णन होतं त्यातला एक शब्द आमच्या इन्व्हॉइसवर वेगळा पडला, कारण आमच्या सॉफ्टवेअरमधे आयटमचं नाव तसं साठवलेलं होतं. तिकडच्या बँकेने डिस्क्रेपन्सी, म्हणजे कागदातला फरक, काढली, त्याची फी डॉलरमधे कापली ते वेगळंच, पण तोपर्यंत तिकडे बाजारभाव पडला होता आणि ग्राहकाने ती संधी साधून ५ टक्के सूट मागितली. कंटेनर पोर्टवर उभा, रोज भाडं चढतंय, परत आणायचा तर अजून खर्च. मालकांनी सूट दिली. मला ते काही बोलले नाहीत, पण त्या रात्री मी एलसीचा प्रत्येक शब्द हाताने लिहून काढला आणि तेव्हापासून इन्व्हॉइस बनवताना एलसीतलं वर्णन अक्षरन् अक्षर उतरवतो, त्यांच्याकडून स्पेलिंग चुकलेलं असेल तर चुकीसकट. एलसी आल्याआल्या वाचायची, न जमणारी अट असेल तर माल बनवायच्या आधी दुरुस्ती मागायची. आणि शिपमेंटनंतर कागद सादर करायची मुदत साधारण २१ दिवसांची असते, ती संपेपर्यंत वाट बघायची नाही.

इनकोटर्म्सचं, म्हणजे खर्च आणि धोका कुठपर्यंत कोणाचा हे ठरवणाऱ्या व्यापारी अटींचं, पण असंच. एफओबी (जहाजाचं भाडं ग्राहकाचं), सीआयएफ (भाडं आणि विमा आपला) हे शब्द सगळे वापरतात आणि बहुतेकांना वाटतं की सीआयएफमधे माल तिकडच्या पोर्टला पोहोचेपर्यंत जबाबदारी आपली. तसं नाही. भाडं आणि विमा आपण भरतो, पण धोका मात्र माल इकडे जहाजावर चढला की ग्राहकाकडे जातो. एफओबीत पण धोका जहाजावर चढल्यावरच जातो, आणि कंटेनरचा माल तर त्याच्या कितीतरी आधी यार्डात सोपवलेला असतो, त्या मधल्या दिवसांत काही झालं तर नुकसान तुमचं. म्हणून कंटेनरसाठी एफसीए (माल वाहतूकदाराकडे सोपवला की धोका ग्राहकाचा) ही टर्म जास्त योग्य आहे, पण सवयीने कोणी वापरत नाही. डीडीपी म्हणजे तिकडची ड्यूटी भरून दारात पोहोच, ह्याला छोट्याने सहसा हो म्हणू नये. ऑगस्ट २०२५ मधे अमेरिकेने भारतातून जाणाऱ्या बऱ्याच मालावरचा जादा कर मिळून ५० टक्क्यांवर नेला, तेव्हा ज्यांनी डीडीपीवर सह्या केल्या होत्या त्यांच्या अंगावर तो सगळा बोजा येणार हे उघड होतं.

त्यावरूनच पुढचा मुद्दा, एका ग्राहकावर किंवा एका देशावर सगळं टाकायचं नाही. हे बोलायला सोपं आहे, करायला अवघड, कारण पहिला ग्राहक मिळाला की सगळी क्षमता तोच खातो. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या यान योहानसन आणि यान-एरिक वाल्ने ह्यांनी १९७७ साली मांडलं होतं की कंपन्या परदेशात हळूहळू पायरीपायरीने जातात, आधी ओळखीच्या वाटणाऱ्या देशांत, आधी एजंट, मग स्वतःचं ऑफिस, मग कारखाना, आणि प्रत्येक पायरीला जो अनुभव येतो त्यातून पुढच्या पायरीचं धाडस येतं. आपल्याकडे क्रम तसाच राहत नाही, कित्येक युनिटं शेजारचे देश सोडून सरळ जर्मनी किंवा अमेरिकेला जातात कारण चौकशी तिथून आली. तरीपण त्यातलं तत्त्व खरं आहे, अनुभव विकत मिळत नाही. आखाती देशांत, पूर्व आफ्रिकेत पंपांच्या पार्टला मागणी असते, तिथे ऑर्डर लहान, कागद थोडे सोपे, चुका केल्या तर परवडतात. माझं वैयक्तिक मत असं की युरोपचा एक कडक ग्राहक शिकण्यासाठी आणि जवळचे दोन-तीन ग्राहक पैसा फिरता राहण्यासाठी, अशी मोट बांधावी.

युरोपचं म्हणाल तर १ जानेवारी २०२६ पासून तिकडे कार्बनच्या हिशोबाचा नियम, सीबीएएम, पूर्ण लागू झालाय. लोखंड, स्टील, अॅल्युमिनियम, सिमेंट वगैरे ठरावीक कोडच्या मालावर तो आहे, त्यामुळे तुमचा कोड त्यात येतो का हे आधी बघा, पण येत नसला तरी ग्राहक वीज किती वापरली, भट्टी कसली हे विचारायला लागलेत. वीजबिलाचा आणि ओतलेल्या टनांचा महिनावार हिशोब आजपासून ठेवा, त्याला काही खर्च येत नाही.

पॅकिंगवर दोन वाक्यं लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. लाकडी पॅलेट असेल तर ते आयएसपीएम १५ प्रमाणे, म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ डिग्रीला ३० मिनिटं तापवलेलं आणि त्यावर तसा शिक्का मारलेलं पाहिजे, शिक्का नसेल तर लाकडासाठी तुमचा अख्खा कंटेनर अडू शकतो. आणि समुद्रात महिनाभर रात्री गार, दिवसा गरम असं होऊन कंटेनरच्या आत घाम सुटतो, मशीनिंग केलेला भाग गंजतो, त्यासाठी गंजरोधक व्हीसीआय पिशवी लागते. २० फुटी कंटेनरमधे कास्टिंगचं वजन आधी संपतं आणि जागा अर्धी रिकामी राहते, तर पॅलेट हलणार नाहीत असे बांधणं हे पण काम आहे, आणि ते बांधून झाल्यावर दरवाजा लावायच्या आधी फोटो काढायचे, दर वेळी, न चुकता.

ग्राहक शोधायचे कसे हे सगळ्यात जास्त विचारलं जातं. हॅनोव्हरसारख्या प्रदर्शनात ईईपीसीच्या दालनात स्टॉल घेता येतो, खर्चात काही सवलत असते, पण पहिल्या वर्षी ऑर्डर मिळेल म्हणून जाऊ नका, तुमच्या पार्टला तिकडे काय म्हणतात आणि तो किती चांगला बनतो हे बघायला जा. नंतर महिन्याला एक ईमेल, छोटी, एखाद्या नवीन पार्टचा फोटो आणि त्याचा मोजमापाचा रिपोर्ट जोडून. उत्तर येत नाही तरी पाठवत राहायचं, कधीतरी त्यांचा चालू सप्लायर चुकतो आणि त्या आठवड्यात तुमची ईमेल समोर असावी लागते. आणि उत्तर आलं की त्याच दिवशी उत्तर, भाव तयार नसेल तर कधी देणार ती तारीख.

परवा त्यातलाच एक मुलगा परत आला होता, गेल्या वर्षी फक्त यादी विचारून गेलेला. हातात इटलीहून आलेलं ड्रॉइंग, व्हॉल्व्हच्या बॉडीचं, ४० नगांची सॅम्पल ऑर्डर. भाव काय द्यायचा हे त्याने विचारलंच नाही. त्याने पेन्सिलने तीन ठिकाणी गोल केले होते, इथे भिंत एवढी पातळ, इथे कोअर (पोकळीसाठी साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा) टिकेल का, आणि हा टॉलरन्स आमच्या मशीनवर बसतो का. त्याचा पॅटर्नवाला पण सोबत आला होता. रात्री साडेआठपर्यंत आम्ही तिघं ते ड्रॉइंग घेऊन बसलो होतो, दोन प्रश्न सुटले, तिसऱ्यासाठी ग्राहकाला ईमेल टाकली की इथे २ मिलीमीटर वाढवून चालेल का. उत्तराची वाट बघतोय.